नांदखोलला राहिलेली छागल

मी एक जुनी छागल आहे. मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी छागल पाहिलीही नसेल, म्हणून आधी ओळख करून देते. छागल म्हणजे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. वरच्या कोपऱ्यात तोंड, तोंडाला लाकडी बूच, बूच हरवू नये म्हणून त्याला बांधलेली दोरी आणि टांगायला एक पट्टा. माझ्या अंगातून पाणी थोडं थोडं झिरपत राहतं. कोरडा वारा येतो, ती ओल उचलून नेतो आणि आतल्या पाण्याला गारवा देऊन जातो. ऊन जितकं कडक तितकं माझं पाणी थंड. नागपूरच्या उन्हाळ्याला सगळे नावं ठेवतात. मी नाही ठेवत. माझा सगळा मान त्या उन्हाळ्याच्या जिवावर आहे.

माझा जन्म लकडगंजात झाला. तिथे ताराचंद नावाचा कारागीर ट्रकांच्या ताडपत्र्या शिवत असे आणि उन्हाळा जवळ आला की छागली शिवायला घेत असे. त्याचा हात मोठा जड होता. दाभण ओढताना तो असा हिसका देई की माझा जीव वर येई, पण त्याची शिवण आजवर उसवली नाही. सीताबर्डीच्या एका दुकानात मी दारावर लटकत होते, तेव्हा रुपरावांनी मला पाहिलं. काटोल रस्त्यावरच्या एका खेड्यात त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. दुकानदार म्हणाला, "एक दिवस बुडवून ठेवा भाऊ, मंग भरा." रुपरावांनी तसंच केलं. तरी पहिल्या पाण्याचा घोट घेऊन त्यांच्या बायकोनं, जिजाबाईनं, तोंड वाकडं केलं.

"या पाण्याले ताडपत्रीचा वास येते," ती म्हणाली.

"येऊ दे. थंड तं हाये," रुपराव म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्यांची झाले. सकाळी विहिरीवर भरायची, बगीच्यात झाडाच्या फांदीला टांगायची, दुपारच्या झळा अंगावर घ्यायच्या आणि कामावरच्या सगळ्यांना गार पाणी पाजायचं, हा माझा दिनक्रम. घरात एक माठही होता. तो आयुष्यभर तिवईवर बसून राहिला आणि तरी स्वतःला मोठा समजत असे. जाऊ द्या, गेलेल्या बिचाऱ्याबद्दल वाईट बोलू नये.

मला बगीच्यात पोचवायचं काम त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, गोपिकाचं. ही पोर मोठी लबाड. वाटेतल्या चिंचेखाली थांबायची, बूच काढून आधी स्वतः पोटभर प्यायची आणि मग बापासमोर जाऊन साळसूदपणे म्हणायची, "बाबा, पाहा बरं, थंड झालं का." बापाला सगळं माहीत होतं. तिच्या फ्रॉकची ओली कॉलर दिसत असे ना. पण ते तिच्याकडून घोट घेत आणि दर वेळी नव्यानं आश्चर्य करत. मला हे दोघं फार आवडत.

गोपिका मोठी झाली. नागपूरच्याच केशव नावाच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं. मुलगा शांत, सरकारी नोकरीतला. नोकरी नागपुरात आहे, पोर डोळ्यांसमोर राहील, म्हणून रुपराव खुशीत होते. पण लग्नाला वर्ष होतं न होतं तोच केशवची बदली झाली, तीही कुठे, तर रत्नागिरीकडच्या नांदखोल नावाच्या गावी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये नारळीच्या वाड्या आणि चार दुकानांचा बाजार. गोपिका दिवाळीला माहेरी आली ती सुकून आली होती. "तिथं अंग नुसतं चिकचिक करते बाबा," एवढंच ती सहज बोलली. ते वाक्य रुपरावांच्या मनात रुतून बसलं.

पुढच्या उन्हाळ्यात गोपिकाला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायला आईवडील निघाले. निघायच्या आधी रुपरावांनी जिजाबाईला आपला बेत सांगितला. मी खुंटीवर होते, सगळं ऐकलं.

"बाळंतपण झालं की पोरीले मी वापस पाठवत नाही. जवाईबापूनं नागपूरची बदली करून घ्यावी, मंगच पोरगी जाईन."

"अवो, पण पोरीले विचारलं का?"

"तिले काय विचारायचं? मले दिसत नाही काय?"

जिजाबाईनं पिशवी भरताना भांडी जरा जास्तच आपटली.

मित्रांनो, तो प्रवास माझ्या आयुष्यातला सर्वांत मानाचा प्रवास. कोल्हापूरच्या गाडीत मला खिडकीबाहेर टांगलं होतं. बाहेर मे महिन्याचा वणवा आणि आत माझ्यातलं पाणी हिवाळ्यातल्या विहिरीसारखं. अकोल्यापर्यंत सगळ्या डब्यात माझं नाव झालं. "काका, एक घोट भेटन का?" म्हणत लोक येत आणि रुपराव लग्नघरच्या यजमानासारखे पाणी वाढत. स्टेशन आलं की मला पुन्हा भरून आणत. पुढे एस.टी.नं घाट उतरायला लागलो, तशी हवा जड झाली. माझ्या अंगावरची ओल कोणी नेईना. मी तशीच निथळत राहिले आणि रुपरावांचं धोतर भिजवलं. त्यांनी मला दोनदा झटकलं. काय होतंय, ते मलाही कळत नव्हतं.

नांदखोलला पोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली होती. रुपराव शेतकरी माणूस. एवढं पाणी पाहून त्यांचा चेहरा नाही म्हटलं तरी खुलला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतात तो खाडीत चिखल आणि चिखलात कलंडलेल्या होड्या. ते धावत घरात आले.

"जवाईबापू, तुमची नदी आटली!"

केशव हसू दाबत म्हणाला, "आटली नाही मामाजी, ओहोटी आहे. दुपारपर्यंत पाणी परत येईल."

रुपरावांचा विश्वास बसला नाही. पाणी खरोखर परत येईपर्यंत ते धक्क्यावर बसून राहिले. आलं, तेव्हा घरी येऊन म्हणाले, "आलं खरं. पण असं जाणारं पाणी काय कामाचं?"

गोपिकाचं घर नारळीच्या वाडीत होतं. चहूबाजूंनी झाडी, सावली दाट, पण वारा आत यायला वाव नाही. रुपरावांनी मला पडवीतल्या आढ्याला टांगलं आणि घरच्यासारखी वाट पाहिली. दुपारी बूच काढून घोट घेतला. पाणी कोमट. त्यांनी मला रिकामी करून पुन्हा भरलं, जागा बदलली. पुन्हा कोमट. शेवटी त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जीव तोडून झिरपत होते हो! पण तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली. माझं पाणी तिला नको होतं.

आता ऐका खरी गंमत. रुपरावांनी लेकीसाठी नागपूरहून वाळ्याचं मोठं गाठोडं आणलं होतं. नागपुरात उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याची ताटी लावतात आणि तिच्यावर पाणी मारतात, की घर थंडगार होतं. रुपरावांनी बांबूच्या कामट्या मिळवल्या, दिवसभर खपून ताटी बांधली, घराच्या एकुलत्या एका मोठ्या खिडकीला ठोकली आणि बादलीनं पाणी मारायला लागले. झालं! जी काही झुळूक येत होती तीही बंद. घरात सुगंध दरवळला, पण घाम असा सुटला की जिजाबाईनं आणलेल्या कुरड्यासुद्धा मऊ पडल्या. केशवच्या नाकावरून घामाचे थेंब ताटात पडत होते आणि तो बिचारा म्हणत होता, "छान वाटतंय मामाजी. वास फार छान आहे." गोपिका बापाकडे पाहून हसत होती आणि पदरानं वारा घेत होती. पण ताटी काढा, असं एकानंही म्हटलं नाही.

म्हटलं ते घरमालकीण यमुताईनं. ती शेजारच्या घरात राहत असे आणि दिवसातून चार वेळा गोपिकाकडे डोकावत असे. उंबऱ्यात येऊन ती थबकली.

"अहो गोपिकाचे बाबा, वास सुरेख आहे हो. पण घरात भात वाफेला लावलाय की माणसं?"

सगळे हसले. रुपराव नाही हसले. त्यांचा चेहरा उतरला. लेकीसाठी एवढ्या दुरून आणलेलं सगळंच इथे फुकट जात होतं, छागलही आणि वाळाही. त्या संध्याकाळी पडवीत बसल्यावर त्यांनी मनातलं बोलून टाकलं.

"जवाईबापू, पोरीले आता घेऊन जातो. पण बाळंतपणानंतर मी तिले इथं पाठवत नाही. तुमी नागपूरची बदली करून घ्या."

केशव हळू म्हणाला, "मामाजी, बदली माझ्या हातात नाही."

"मंग पोरगीबी तुमच्या हाती नाही." रुपरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे छागल पाहा. कालपासून टांगली हाये अन् पाणी चहावानी. जिथं छागलीतलं पाणी थंड होत नाही, तिथं माही पोर कशी राहीन?"

मित्रांनो, मला वाटलं, आढं मोडावं आणि मी खाली पडावं. माझ्यावरून एका घराचा निकाल लागत होता आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. केशव उठून अंगणात गेला. गोपिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"बाबा, उद्या खाडीपलीकडं जाऊ. सड्यावरच्या देवीजवळ माही ओटी भराची हाये. यमुताईनं केव्हाचं सांगून ठेवलं हाये."

"जाऊ," रुपराव म्हणाले. "छागल घे संगं. इथं गरम तं गरम, पण आपलं भांडं."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर सगळे तरीत बसले. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. रुपरावांनी एका हातानं होडीची कड आणि दुसऱ्या हातानं मला घट्ट धरलं होतं. वल्हं मारणारा म्हातारा मोठा मिश्कील होता.

"नागपूरला तर नाय काय?" त्यानं विचारलं.

"नाग नदी हाये ना," रुपराव म्हणाले.

"मग ती कशी ओलांडता?"

"चड्डी वर करून," रुपराव म्हणाले आणि आल्यापासून पहिल्यांदा मनापासून हसले.

पलीकडच्या काठावर कोळणी सुकत घातलेली मासळी उलटत होत्या. गोपिकाला पाहून त्यांतली एक उठून उभी राहिली. "वैनी, माहेरी जातेस? परत कधी येशील?" पुढे करवंदं विकणारी एक बाई बसली होती. तिनं गोपिकाच्या ओंजळीत मूठभर करवंदं घातली आणि तेच विचारलं, "परत कधी?" शाळेचे मास्तर भेटले, त्यांनीही तेच. गोपिका दर वेळी बापाकडे एक नजर टाकायची आणि गप्प राहायची. रुपराव दर वेळी दुसरीकडे पाहायचे. मी त्यांच्या खांद्यावर होते. त्या दोन गप्प बसलेल्या माणसांचं ओझं माझ्यातल्या पाण्यापेक्षा जड होतं.

चढ फार नव्हता. जिजाबाई लेकीला वळणावळणावर बसवत होती. वर पोचलो तर सगळा काळा कातळ, मैदानासारखा पसरलेला. तिथले लोक त्याला सडा म्हणतात. सड्याच्या टोकाशी देवीचं ठेंगणं देऊळ आणि देवळाशेजारी एक वाकडा चाफा. रुपरावांनी सवयीनं मला चाफ्याच्या फांदीला टांगलं आणि ते ओटीचं सामान काढायला गेले.

आणि तिथे वारा होता! समुद्रावरून सरळ येणारा, मध्ये कुठे न अडणारा. त्यानं मला गदागदा हलवलं. माझ्या अंगावरची ओल तो ओढून नेऊ लागला. नागपूरचा वारा एका दमात सगळं पिऊन टाकतो. हा तसा नव्हता. हा थोडं थोडं नेत होता, पण थांबत नव्हता. मी ओळखलं, हे आपलंच काम आहे, फक्त इथल्या चालीनं. मी झिरपत राहिले.

यमुताईनं आणि जिजाबाईनं गोपिकाची ओटी भरली. मग सगळे कातळावर बसले. खाली खाडीचं तोंड, मोठा समुद्र आणि नारळीत बुडालेलं नांदखोल दिसत होतं. गोपिका बापाला बोटानं दाखवू लागली. "ते शाळा. ते जेट्टी. ते लाल कौलं दिसून राहिले ना बाबा, ते आमचं घर."

रुपरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आजवर तिच्या तोंडी "आमचं घर" आलं की त्याचा अर्थ संत्र्याचा बगीचा असे.

गोपिका उठली, चाफ्यापाशी आली. तिनं माझं बूच काढलं आणि लहानपणीसारखं आधी स्वतः पोटभर प्याली. पदराची कड ओली झाली. मग मला घेऊन ती बापासमोर गेली.

"बाबा, पाहा बरं, थंड झालं का."

रुपरावांनी ओंजळ धरली. घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला.

"थंड हाये," ते म्हणाले.

"नागपूरसारखं नाही बाबा."

"नसन. पण थंड हाये."

तेव्हा गोपिका त्यांच्याजवळ बसली. "बाबा, चिकचिक होते, ते खरं हाये. पहिले मी लय रडलो. पण यायनं मले एक दिवस इथं आणलं. आता जीव घाबरला की मी इथं येऊन बसतो. बाळंतपणाले मी खुशीनं येईन. पण मग मले परत यायचं हाये." 'यायनं' म्हणजे केशवनं. नवऱ्याचं नाव तिनं बापासमोर कधी घेतलं नाही. केशव पलीकडे तोंड करून बसला होता, त्याचे कान मात्र लाल झाले होते.

उतरताना आणि होडीतही रुपराव खाडीच्या पाण्याकडेच पाहत होते. जिजाबाईनं एकदा कोपरानं ढोसलं, तरी त्यांनी मान वळवली नाही.

निघायच्या दिवशी त्यांनी स्वतःच खिडकीची ताटी काढली आणि वाळा सोडवून यमुताईला दिला. "पाण्यात टाकत जा, वास लागते," म्हणाले. होल्डॉल बांधून झाला. जिजाबाईनं मला भरायला उचललं, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. मला तिच्या हातून घेतलं, घराला वळसा घातला आणि खाडीच्या बाजूच्या कोपऱ्यावर, जिथे झाडीतून थोडा वारा येत होता, तिथे त्यांनी एक खिळा ठोकला. त्या खिळ्याला मला टांगलं.

"अवो, प्रवासात पाणी?" जिजाबाईनं विचारलं.

"स्टेशनावर भेटते."

"अन् हे इथं कायले?"

रुपरावांनी माझा पट्टा नीट केला. "पोरगी वापस येईन तवा तिले लागन ना."

दाराआड गोपिका उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. केशव पुढे आला आणि सासऱ्यांच्या पायाला हात लावायला वाकला, तर त्यांनी त्याला मध्येच धरलं. "जवाईबापू, छागलीले कोरडी पडू देऊ नका," एवढंच ते म्हणाले.

पावसाळ्यात मला बुरशी आली असती, पण यमुताईनं मला तिच्या चुलीवरच्या फळीवर ठेवलं. धुरानं मी काळवंडले. दिवाळीनंतर गोपिका परत आली, कडेवर लतिका नावाची गोरीगोमटी मुलगी घेऊन. पहिल्याच संध्याकाळी तिनं मला भिजवलं. पुढची काही वर्षं मी खाडीच्या वाऱ्यात काढली. केशवची नागपूरला बदली झाली, ती कोणी न मागता झाली, आणि नांदखोल सोडताना गोपिका यमुताईच्या गळ्यात पडून रडली. तिच्यासोबत मीही आले, धुराचा आणि खाऱ्या हवेचा वास घेऊन.

आता आम्ही धरमपेठेत राहतो. घरात फ्रिज आला आहे. दिवसभर गुरगुरतो आणि लाइट गेली की मुका होतो. फ्रिज आल्यावर मला माळ्यावर टाकलं. मी कोरडी पडले, कॅनव्हासला घड्या पडल्या, एका कोपऱ्यावर उंदरानं दात लावून पाहिले. मित्रांनो, छागल फाटते ती वापरानं नाही, कोरडी ठेवल्यानं फाटते.

मागच्या उन्हाळ्यात रुपराव लेकीकडे राहायला आले. आता त्यांना कमी दिसतं. फ्रिजच्या पाण्याचा एक घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला. "दात दुखते वं यानं. माही छागल कुठी हाये?" गोपिकानं मला माळ्यावरून काढलं, बादलीत भिजवलं, भरलं आणि गॅलरीत टांगलं. नागपूरची कोरडी झळ आली आणि तिनं माझी ओळख लगेच पटवून घेतली. दुपारपर्यंत पाणी अगदी बर्फ.

गोपिकानं आधी स्वतः घोट घेतला. मग पेला बापाच्या हातात दिला. तिचं लक्ष मात्र गॅलरीबाहेर, गच्च्यांच्या पलीकडे कुठेतरी होतं.

"काहून वं, थंड नाही का?" रुपरावांनी विचारलं.

"थंड हाये बाबा. पण सड्यावरच्यावानी नाही."

म्हातारा हसला. पुष्कळ वेळ हसला. डोळे पुसून म्हणाला, "मंग जाऊन येऊ ना एकदा. छागल घेऊन."

तेव्हापासून मी वाट पाहते आहे. लतिका आता मोठी झाली; तिनं तर यमुताईला कळवूनही टाकलं म्हणे. म्हणून मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझी कोणी बहीण पडली असेल, तर तिला खाली काढा, भिजवा आणि वारा असेल तिथे टांगा. पाणी गार झालं नाही तर तिच्यावर रागावू नका, जागा बदलून पाहा. आणि आमच्या गोपिकाला कोणी भेटलात तर तिला आठवण करून द्या, की मला कोरडी पडू देऊ नकोस. नांदखोलला जायचं आहे.